डेंट आहे म्हणून सोडून दिलेलं

आण्णा,

तुझ्यावर मी चिडलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं चुकून प्रेमाबिमाचं काही आलं तर तू हुरळून जायला नकोस.

तुझे दिवस घालून झाले. माणसं येऊन गेली. साताऱ्याच्या स्टँडवरचे ड्रायव्हर आले, क्लीनर आले, मोटारीचे मालक स्वतः येऊन ओसरीवर बसून गेले. जो तो मला एकच सांगत होता, "आण्णा म्हंजी लय मोठ्या मनाचा मानूस." मी मान हलवत होतो. मोठ्या मनाचा होता ते कबूल, पण डोक्याचा काय? नडगीवरच्या जखमेनं माणूस जातो? लढाईत बाँब पडताना मोटारी हाकलेला माणूस, आणि साताऱ्यात एका सर्व्हिस मोटारीच्या गंजक्या मडगार्डानं जातो? लोकांना सांगतानासुद्धा मला लाज वाटते. त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतोय.

आणि त्या जखमेला तू काय म्हणालास? डेंट.

हा शब्द तू लामावरून, म्हणजे लढाईवरून, घरी आणलास तो दिवस मला आठवतो. रजेवर आला होतास. कडेगावच्या आपल्या घरात आईची तांब्याची घागर विहिरीवर पडली आणि तिच्या पोटाला हा एवढा पोचा आला. आईच्या माहेरची घागर. ती तोंडाला पदर लावून बसली. तू घागर उचललीस, पाण्यानं भरलीस, उंबऱ्यावर ठेवलीस आणि बघत बसलास. मग म्हणालास, "गळतीया का? न्हाई न्हवं? मग ह्यो डेंट हाय आई. डेंटाला रडायचं नसतंय." आईला तो शब्द कळला नाही, पण फौजेतून आलेल्या लेकानं सायबाच्या भाषेत सांगितलं म्हटल्यावर ती उठली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. इंग्रजीचा अभिमान मला आणि इंग्रजी शब्द घरात चालला तुझा, हे मला जरा लागलंच होतं.

मी म्हणालो, "आण्णा, ह्याला आपल्यात पोचा म्हणतात. सरळ पोचा म्हण की."

"पोचा भांड्याला येतोय," तू म्हणालास. "डेंट कशालाबी येतोय."

पुढची सगळी वर्षं तू ते खरं करून दाखवलंस. शाळवाच्या कणसांवर गारा पडल्या, डेंट. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, डेंट. मालकांनी सगळ्यांसमोर तुला नको ते बोलून घेतलं, तोही डेंटच. तुझी कसोटी एकच होती, चालतंय का? चालत असेल तर डेंट. सोडून द्यायचं, पुढच्या कामाला लागायचं. खोटं कशाला बोलू, त्या शब्दानं मला कितीदा उभं केलंय. लग्न मोडलं तेव्हा तू सांगलीला माझ्या खोलीवर आलास, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस, गाडी तपासावी तसा माझ्याभोवती फिरलास आणि म्हणालास, "चाकं चारीबी हायत. चल, जेवाय चल." मी हसलो आणि जेवलो. तो उपकार मी विसरलेलो नाही.

फक्त एकदा तू तो शब्द वापरला नाहीस. तुझं पहिलं बाळ गेलं तेव्हा. त्या दिवशी तू परड्यात जाऊन लाकडं फोडत बसलास. वहिनीला जेवायला सुद्धा तूच वाढलंस. म्हणजे कशाला डेंट म्हणायचं आणि कशाला नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर जास्त राग येतो.

तुझी ती साहेबाची गोष्ट. किती वेळा ऐकली असेल मी. वाळवंटात तुमचा मोटारींचा कारखाना, उन्हात उभ्या केलेल्या मोटारींची रांग आणि लाल मानेचा एक उंच साहेब हातात वेताची छडी घेऊन रांगेपुढून चाललेला. मडगार्डावर छडी मारायची, "डेंट" म्हणायचं, पुढं जायचं. मागून तू खडू घेऊन. साहेबानं डेंट म्हटलं की त्या जागेभोवती खडूचा गोल काढायचा. गोल काढलेल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, गाडी पुन्हा कामावर. गोल नसेल ती गाडी शेडमध्ये. तुमच्या सगळ्या तुकडीची खात्री होती की साहेबाचं नावच डेंट. तो आपलं नाव सांगून गाडी पास करतोय, सही केल्यासारखी. आणि त्याच्या नावावरनंच विलायतेत ह्या खड्ड्याला डेंट म्हणायला लागले, असा तुझा सिद्धांत.

"आण्णा, माणसाच्या नावाचा असा शब्द होत नसतो," मी म्हणायचो.

"का हुत न्हाई? आपल्या शिवारात म्हादूचा वढा हाय. म्हादू कोन हुता? तुला ठावं हाय? मला ठावं हाय? पर वढा हाय का न्हाई?"

"तो ओढा आहे रे. हा भाषेतला शब्द आहे."

"तू हुतास का तितं?"

झालं. मी नव्हतो तिथं. मी तेव्हा सांगलीत, तू पाठवलेल्या पैशावर, शब्द शिकत होतो.

पण मीही काही गप्प बसलो नाही. नोकरी लागली, वर्गावर उभा राहिलो आणि मला साक्षात्कार झाला. डेंट म्हणजे दंत! आपलाच शब्द. दाताच्या डॉक्टरला इंग्रजीत डेंटिस्ट म्हणतात, लॅटिनात दात म्हणजे डेन्स, संस्कृतात दंत, सगळे एका घरचे. दात रुतला की खळगा पडतो, म्हणून खळग्याला डेंट. मी फळ्यावर लिहून मुलांना सांगितलं. मुलं खूष, हेडमास्तर खूष, मी तर काय विचारू नकोस. दिवाळीला घरी आलो आणि तुला ऐकवलं. तू शांतपणे सगळं ऐकलंस, सुपारी कातरलीस, आणि म्हणालास, "मास्तर, मडगार्ड काय कुनी चावून वाकवतंय व्हय रं?"

वहिनी चुलीपुढं हसून लोळायची बाकी राहिली. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोललो नव्हतो.

आता विचार करतो तर वाटतं, तुझ्याशी भांडायला म्हणूनच मी पुस्तकं उघडली. नुसतं शिकवायचं असतं तर एका पुस्तकावर जन्म काढला असता, असे पुष्कळ काढतात. पण तू शनिवारी भेटलास की विचारणार, "बोल मास्तर, दात का साहेब?" म्हणून मला काहीतरी हाताशी लागायचं. लढाई संपून तू साताऱ्याच्या मोटार सर्व्हिसमध्ये लागलास, तिथंही तो खडू सुरू केलास. अंगावर पांढरे गोल घेऊन तुझ्या मोटारी कराडपर्यंत धावायच्या आणि प्रवासी विचारायचे, हे काय? ड्रायव्हर सांगायचे, "आण्णांनी पास केल्यात." तुला डेंट काढता येत नव्हता असं थोडंच होतं. लग्नाच्या वरातीला द्यायच्या मोटारीचा पत्रा तू असा काढायचास की बोट फिरवलं तरी कळू नये. वाळूची पिशवी बाहेरून लावायची आणि लाकडी हातोड्यानं आतून हळूहळू ठोकत यायचं. "भायरनं मारलं की पत्रा आनिकच रुसतोय," म्हणायचास. पण रोजच्या मोटारीला ते लाड नाहीत. तिला गोल.

आणि स्वतःला तर तू रोजच्या मोटारीपेक्षाही खाली धरलंस.

मागच्या खेपेला मी आलो तो उत्तर घेऊन आलो होतो, आण्णा. हे तुला ठाऊक नाही. सांगलीच्या कॉलेजच्या वाचनालयात एक भलामोठा इंग्रजी कोश आला आहे, एका हाताला उचलत नाही. ओळखीच्या प्रोफेसरांच्या मागं लागून मी तो बघितला आणि त्यात आपला शब्द सापडला. मुळापासून सगळा. मला एवढा आनंद झाला की शनिवारची सकाळची शाळा सुटल्याबरोबर दुपारची मोटार पकडली. वाटेत सगळा वेळ मी तुझं तोंड कसं होईल ते बघत होतो. कारण गंमत अशी की तूही चुकला होतास आणि मीही.

साताऱ्याला तुझ्या घरी आलो तर तू पाय लांब करून बसलेला. नडगीला चिंधी, चिंधीवर हळदीचे आणि ग्रीसचे डाग. वहिनीनं सांगितलं, जॅक सरकला आणि फाटक्या मडगार्डाची कड पायात घुसली, चार-पाच दिवस झाले. तू मला तोंड उघडू दिलं नाहीस. "या मास्तर! बोला, दात का साहेब?"

आणि तेव्हा मला एकदम कळलं. तुझं काही दुखत असलं की तू हा वाद काढायचास. मालक बोलले त्या आठवड्यात काढलास, दम लागत होता त्या हिवाळ्यात काढलास. मी वादात पडलो की दुसरं काही विचारायचा नाही, हे तू बरोबर हेरलं होतंस. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते मी गिळलं. म्हणालो, "साहेब राहू दे. पाय दाखव."

"डेंट हाय रं."

"दाखव."

"आरं, चालतंय की! ह्ये बघ," म्हणून उठून तू मला अंगणात चालून दाखवलंस. चाललास. ओठ दाबून चाललास.

मी म्हणालो, आता मोटार आहे, आपण मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. गंजलेल्या पत्र्यानं धनुर्वात होतो. तर तू दंड दाखवलास. "फौजेत सुया टोचल्यात. घोड्यागत. मला न्हाई कायबी हुत."

"त्याला किती वर्षं झाली?"

"सरकारी सुई हाय ती. सरकारी सुई उतरत नस्ती."

"सरकार गेलं की रे ते!" मी ओरडलोच. "सरकार गेलं विलायतेला, आणि तू त्यांच्या सुईवर बसलायस!"

त्यावर तू हसलास. मी नाही हसलो. त्या दिवशी आपण खरं भांडलो. तू मला म्हणालास, चार बुकं शिकलास म्हणून थोरल्या भावाला शिकवू नकोस. मी तुला म्हणालो, तुझ्यासारख्या अडाण्याला कोण शिकवणार. वहिनी मध्ये पडली तर तिलाही तू गप्प केलंस. शेवटी, मला कटवायला म्हणून, तू कबूल झालास, सोमवारी साताऱ्यातल्याच डॉक्टरला दाखवतो. आईची शपथ घातली तुला मी. तू व्हय म्हणालास. रविवारच्या मोटारीनं मी सांगलीला परत आलो, कोश, शब्द, सगळं तसंच घेऊन.

तू गेला नाहीस. आईची शपथ घेऊनही गेला नाहीस.

मग एक दिवस मी सातवीच्या वर्गावर असताना तुमचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात धरलेली. "मास्तर, चला. आण्णांचा जबडा धरलाय." पोरांना काही न सांगता मी तसाच निघालो.

दवाखान्यात तुझी खोली अंधारी केली होती. खिडकीला घोंगडी लावलेली. डॉक्टरांनी मला दाराबाहेरच थांबवून सांगितलं, औषध टोचलंय, पण उशीर झालाय. आत जा, पण बोलू नका. उजेड पडला, कुणी शिवलं, आवाज झाला की त्यांना आकडी येते. शुद्धीवर आहेत, सगळं कळतंय, म्हणून तर जास्त जपा.

सगळं कळतंय. मी आत येऊन बसलो ते तुला कळलं. डोळे फिरवून तू माझ्याकडं बघितलंस. जबडा आवळलेला, कपाळाला आठ्या, आणि तोंडावर ते हसू. तसं हसू त्या रोगातच येतं असं मला मागून कळलं. पण तेव्हा मला वाटलं, हा अजूनही मला चिडवतोय. बाहेर कुणाच्या हातून तांब्या पडला आणि तुझं अंग कमानीसारखं वर उचललं गेलं. तेव्हापासून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. आयुष्यभर तुझ्याशी तोंडाला तोंड दिलं, आणि शेवटी तू समोर होतास, ऐकू येत होतं तुला, आणि मला एक अक्षर बोलता आलं नाही. माझ्या आवाजानं तुला मार बसला असता. शिवायचीही बंदी. मी नुसता बसून राहिलो. माझ्या जन्मात मला इतकं हतबल कुणी केलं नाही, आण्णा, आणि ते तू केलंस.

तर आता ऐक. आता आवाजानं काही होत नाही.

तुझा साहेबही नाही आणि माझा दातही नाही. त्या कोशात लिहिलंय, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत डिंट असा शब्द होता, त्याचाच डेंट झाला. आणि त्याचा अर्थ खड्डा नव्हता. त्याचा अर्थ होता मार. तलवारीचा घाव, सोट्याचा तडाखा, तो घाव स्वतः. पुढं हळूहळू लोक घावाला विसरले आणि घावानं पडलेल्या खळग्यालाच तो शब्द राहिला. दाताचा संबंध मागून कुणी जोडला असेल, कारण माझ्यासारखे मास्तर विलायतेतही असणारच. आणि मग तो खळगाही बारका होत गेला. आता डेंट म्हणजे किरकोळ, दुर्लक्ष करण्यासारखं. कुणी मारलं, कधी मारलं, केवढ्यानं लागलं, काही विचारायचं नाही. खडूचा गोल काढायचा आणि पुढं जायचं.

हे ऐकून तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. "म्हंजी साहेब छडी मारून डेंट म्हनत हुता ते बरूबरच की रं!" म्हणाला असतास. आणि जिंकला असतास. मला ते चाललं नसतं, पण मी ते ऐकायला मोटारीत बसून आलो होतो.

इथंच थांबणार होतो. राग सांगून झाला होता. पण काल वहिनी बोलली.

तू गेल्यापासून ती गप्पच होती. काल दुपारी सुपात ज्वारी निवडत बसली होती, मी निघायच्या तयारीत होतो. मान वर न करता म्हणाली, "भावजी, त्येंनी त्या सोमवारी कापडं घातली हुती."

"कसली कापडं?"

"डागदराकडं जायाची. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. दारापतूर गेलं आन् माघारी आलं. म्हनलं, का? तर म्हनलं, तितं गेलो की पाय कापत्याल."

तिनं मग सगळं सांगितलं. माण तालुक्याकडचा एक गडी लढाईत तुझ्याबरोबर होता म्हणे, एका मोटारीवर तुम्ही दोघं. त्याच्या पायाला असंच काहीतरी लागलं होतं, फार नाही. फौजेच्या दवाखान्यात नेला आणि परत आला तो एक पाय घेऊन. रात्रभर तो तुझ्याकडं आपला पाय मागत होता. हे तू वहिनीला सांगितलंस. मला वाळवंट सांगितलंस, साहेब सांगितलास, छडी सांगितलीस, हा गडी एकदाही सांगितला नाहीस. आणि वहिनीला म्हणालास, एक पाय गेला तर क्लच कोण दाबणार, मला स्टँडवर बसवून भीक मागायला लावतील.

मी विचारलं, "वहिनी, मला का नाही कळवलंत?"

तिनं सूप खाली ठेवलं. "त्येंनी शपथ घातली हुती. म्हनलं, मास्तरला कळवू नगंस. त्यो काय आयकायचा न्हाई, त्यो मला उचलून न्हील."

मग ती म्हणाली, "तुमी मला बोला, भावजी. कायबी बोला." तिला मी काय बोलू? तीही तुझीच शपथ धरून बसली होती, जशी तू आईची धरायला हवी होतीस.

भीती वाटत होती तर भीती म्हणायचं होतंस, आण्णा. आडवेळेला, अर्ध्या शब्दात, कसंही. मी हसलो नसतो. मला तू बरोबर ओळखलं होतंस. मी ऐकलं नसतं, उचलून नेलं असतं. तू शिव्या दिल्या असत्यास, मला बोचकारलं असतंस, मिरजेपर्यंत सगळ्या मोटारीला तमाशा झाला असता, तरी नेलं असतं. आणि त्यांनी पाय कापला असता तर कापू दिला असता. स्टँडवर नसतास बसलास, माझ्या घरी बसला असतास, सांगलीला, आणि रोज शाळेतून आलो की भांडला असतास.

एका पायाचा भाऊ मला खूप झाला असता.